क्रोधाचे निदान : इमाम गझाली (रह.) यांचे जीवन

क्रोधावर लिहिणारे इस्लामी ग्रंथकार पुष्कळ झाले. परंतु स्वतःचा क्रोध ओलांडून मग त्याविषयी लिहिणारे थोडे. इमाम अबू हामिद मुहम्मद अल्-गझाली (रह.) त्या थोड्यांपैकी होत. त्यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे एक शांत, विरक्त, वृद्ध बुजुर्ग उभे राहतात. वृद्ध तर ते कधी झालेच नाहीत. पंचावन्न वर्षांच्या आतच त्यांची जीवनयात्रा संपली. आणि शांत म्हणावे, तर ती शांतता त्यांना जन्मतः मिळालेली नव्हती. तिची किंमत त्यांनी मोजली होती. ती किंमत कोणती, हे समजल्याशिवाय त्यांनी क्रोधावर लिहिलेले पूर्णपणे उमगत नाही, असे मला वाटते.

याला साक्षीदार आहे. नैशापूरचे खतीब आणि इतिहासकार अब्दुल गाफिर अल्-फारिसी हे गझालींचे समकालीन. प्रसिद्ध सूफी इमाम कुशैरी हे त्यांचे आजोबा, आईकडून. गझालींना त्यांनी तरुणपणी पाहिले आणि उत्तरायुष्यातही पाहिले. तरुण गझालींचे वर्णन करताना त्यांनी हात आखडता घेतलेला नाही. स्वभाव तिखट, वागणे रुक्ष. अल्लाहने दिलेल्या बुद्धीचा आणि वाणीचा अभिमान इतका की समोरच्याकडे तुच्छतेने पाहावे. शिवाय मानमरातबाची ओढ. एखाद्या इमामाचे चरित्र लिहिताना आपल्याकडे अशा ओळी सहसा गाळल्या जातात. फारिसींनी त्या ठेवल्या, हे आपल्यावर उपकारच आहेत.

हिजरी 450 मध्ये, म्हणजे इ. स. 1058 च्या सुमारास, खुरासानातील तूस येथे गझालींचा जन्म झाला. वडील लोकर कातून विकणारे गरीब गृहस्थ. आलिमांच्या सोबतीत बसण्याची त्यांना मोठी आवड होती. स्वतःला शिकता आले नाही याची खंतही होती. मृत्यू जवळ आला तेव्हा त्यांनी मुहम्मद आणि अहमद या आपल्या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले आणि जी काही थोडी पुंजी होती ती मुलांच्या शिक्षणासाठी त्याच्याकडे दिली. पुंजी संपली. मित्रही निर्धनच. त्याने मुलांना मदरशात नाव घालण्याचा सल्ला दिला. तेथे निदान दोन वेळचे जेवण तरी मिळाले असते. आपण इल्मकडे वळलो ते अल्लाहसाठी नव्हे, पण इल्मने मात्र अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाचे होण्यास नकार दिला, अशा अर्थाचे उद्गार गझालींनी पुढे काढल्याचे चरित्रकार सांगतात.

आरंभीचे शिक्षण तूसला आणि जुर्जानला झाले. जुर्जानहून परतताना वाटेत लुटारूंनी काफिला गाठला आणि सामानाबरोबर गझालींनी काढलेली टिपणेही नेली, ही कथा प्रसिद्ध आहे. ते लुटारूंच्या मागे गेले आणि टिपणे परत मागू लागले. टिपणे गेल्याबरोबर ज्याचे ज्ञान जाते त्याला ज्ञानी कसे म्हणावे, असे म्हणून लुटारूंचा सरदार हसला, आणि वह्या त्याने परत केल्या. तो टोला त्या तरुणाने मनाला लावून घेतला. पुढची तीन वर्षे त्याने सगळे पाठ करण्यात घालवली. अपमान झाल्यावर धुमसत न बसता त्यातून काम उभे करण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिली नोंद आहे. शेवटची नव्हे.

नैशापूरच्या निजामिया मदरशात त्यांना गुरू लाभले ते इमामुल हरमैन अल्-जुवैनी. शाफई फिक्ह आणि कलाम या दोन्ही शास्त्रांत त्या काळी त्यांची बरोबरी करणारा कोणी नव्हता. शिष्य तेजस्वी निघाला; इतका की फारिसींच्या म्हणण्यानुसार गुरू वरकरणी त्याचा अभिमान बाळगत, पण त्याचा तो वेग त्यांना मनातून फारसा रुचत नसे. याच सुरुवातीच्या काळातला उसूलुल फिक्हवरील गझालींचा ग्रंथ म्हणजे ‘अल्-मनखूल’. या ग्रंथाच्या अखेरीस इमाम अबू हनीफा (रह.) यांच्याविषयी त्यांनी जे लिहिले ते केवळ मतभेद दाखवून थांबत नाही, त्याला बोचरी धार आहे. वाचकांनी हे लक्षात ठेवावे, कारण ही धार पुढे अनेक वर्षांनी त्यांच्याच दिशेने वळून आली.

हिजरी 478 (इ. स. 1085) मध्ये जुवैनींचे निधन झाले आणि गझाली सल्जूक वजीर निजामुलमुल्क यांच्या दरबारी छावणीत दाखल झाले. तेथे आलिमांच्या सभा भरत आणि मुनाजरे रंगत. मुनाजरा म्हणजे शास्त्रार्थ. तत्त्वतः तो सत्य शोधण्यासाठी असतो. दरबारात मात्र तो एक प्रकारची कुस्तीच होता, वजीर प्रेक्षक आणि पदे बक्षीस. या आखाड्यात गझाली अजिंक्य ठरले. हिजरी 484 (इ. स. 1091) मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, निजामुलमुल्क यांनी बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापकपद त्यांना दिले. इस्लामी जगातले ते सर्वात मानाचे आसन होते. समोर 300 विद्यार्थी बसत. बगदादच्या एका फकीहने सांगून ठेवले आहे की गझाली शहरात आले तेव्हा त्यांचा पोशाख आणि वाहन यांची किंमत लोकांनी 500 दीनार आकारली होती.

पुढची चार वर्षे झगमगाटाची. 1092 मध्ये निजामुलमुल्क यांची हत्या झाली, त्यानंतर सुमारे महिन्याभराने सुलतान मलिकशाहही गेला आणि राज्यात गादीसाठी झगडे पेटले. तरी गझालींचे आसन हलले नाही. खलीफा अल्-मुस्तजहिर यांच्या आज्ञेवरून त्यांनी बातिनी पंथाच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला. तत्त्ववेत्त्यांच्या मतांचा परामर्श घेणारा ‘तहाफुतुल फलासिफा’ही याच काळातला. प्रत्येक प्रतिपक्षाला त्यांनी निरुत्तर केले.

आणि मग ते स्वतःच निरुत्तर झाले, अगदी शब्दशः.

हिजरी 488 चा रजब महिना, म्हणजे इ. स. 1095 चा जुलै. आपल्या आयुष्याचा हिशेब मांडायला बसलेल्या गझालींना जे दिसले ते त्यांनी ‘अल्-मुनकिज मिनद्दलाल’ या आत्मवृत्तात काही न लपवता लिहिले आहे. आपल्या कामांतले सर्वोत्तम काम म्हणजे शिकवणे. पण ते तरी अल्लाहसाठी होते काय? उत्तर आले : नाही, ते कीर्तीसाठी आणि पदासाठी होते. यावर उपाय एकच, सर्व सोडून निघणे. सकाळी निश्चय व्हावा आणि संध्याकाळी तो मोडावा, असे जवळजवळ सहा महिने चालले. अखेर जिभेने साथ सोडली. विद्यार्थ्यांचे मन राखण्यासाठी एक दिवस तरी शिकवावे म्हणून ते बसत आणि तोंडातून शब्द फुटत नसे. जिभेच्या या मुकेपणाने मनात दुःख दाटले. मग अन्न पचेना, पाण्याचा घोट गळ्याखाली उतरेना. हकीम आले. नाडी पाहून त्यांनी सांगितले की हा आजार मनातून उद्भवला आहे आणि तेथून शरीरात पसरला आहे. मनात लपलेली चिंता दूर झाल्याशिवाय आमच्या औषधांचा उपयोग नाही.

येथे क्षणभर थांबतो. ज्याची झोप उडाली, जेवण तुटले, बोलणे बंद झाले, अशा माणसाला आपल्या वस्त्यांत दोनपैकी एक गोष्ट ऐकावी लागते. एक, तुझा ईमान कमजोर आहे, नमाज पढ म्हणजे बरा होशील. दुसरी, याच्यावर काहीतरी केले आहे, अमुक आमिलाकडे न्या. गझाली नमाजी होते. नमाजी कसले, लाखोंचे इमाम होते. तरीही त्यांचे मन आजारी पडले, त्यांच्याकडे हकीम आले, आणि ही हकीकत त्यांनी जगापासून लपवली नाही. पुढे ‘इहया’त त्यांनी वैद्यकाला फर्जे किफायाचा दर्जा दिला आणि तक्रार केली की सगळे फिक्हकडे धावतात आणि कित्येक गावांत मुसलमान हकीम उरत नाही. मनाच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जाणे हे तवक्कुलच्या विरुद्ध आहे असे ज्यांना वाटते त्यांनी गझालींचे हे प्रकरण शांतपणे वाचावे. नमाज आणि औषध यांचे भांडण त्यांनी लावले नव्हते. ते आपण लावले.

जिल्काद 488 मध्ये, म्हणजे 1095 च्या नोव्हेंबरच्या सुमारास, ते बगदादमधून निघाले. मक्केला जातो असे सांगितले, पण मनात शाम होते. खरे सांगितले असते तर खलीफाने आणि मित्रांनी जाऊ दिले नसते. कुटुंबाच्या गरजेपुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली. अध्यापनाचे आसन धाकटे बंधू अहमद यांनी काही काळ सांभाळले. गझालींच्या या जाण्यामागे राजकीय भीती होती, बातिनींची धास्ती होती, असे तर्क काही अभ्यासकांनी केले आहेत. थोडीफार भीती असेलही. परंतु निव्वळ भीतीने पळालेला माणूस जिवाला धोका टळल्यावर परत येऊन तेच पद मागतो. गझालींनी ते कधी मागितले नाही.

दमिश्कला उमवी मशिदीच्या मिनारात ते दिवस दिवस दार लावून बसत. तेथून बैतुलमुकद्दस, आणि मग अल्-खलील, जेथे हजरत इब्राहीम (अलै.) यांची कबर असल्याचे मानले जाते. तेथे हिजरी 489 मध्ये त्यांनी अल्लाहशी तीन वचने बांधली : कोणत्याही सुलतानाच्या दरबारी जाणार नाही, सुलतानाचा पैसा घेणार नाही, आणि कोणाशी मुनाजरा करणार नाही. पहिली दोन वचने अनेक बुजुर्गांनी पाळली आहेत. त्यांत नवल नाही. माझे मन दरवेळी तिसऱ्यापाशी अडखळते. ज्या कलेत आपण अजिंक्य आहोत तीच नेमकी सोडायची! उपाशी राहणे एक वेळ सोपे आहे. समोरचा चुकीचे बोलत असताना, उत्तर जिभेच्या टोकावर तयार असताना, आणि ते दिल्यास सभा आपल्या बाजूने डोलेल हे ठाऊक असताना गप्प राहणे फार कठीण. ज्यांना एखाद्या व्हॉट्सॲप गटात मसलकाच्या वादाला उत्तर लिहून ते न पाठवता पुसून टाकावे लागले आहे, त्यांना या वचनाचे वजन अधिक सांगायला नको.

हज करून हिजरी 490 मध्ये ते बगदादला आले, पण थांबले नाहीत; तूसला, आपल्या घरी परतले. वर सांगितलेल्या बगदादच्या त्याच फकीहने या वेळीही किंमत आकारली : अंगावरच्या कपड्यांचे 15 किरात, म्हणजे एक दीनारही नव्हे.

या एकांतवासाच्या वर्षांतच ‘इहया उलूमुद्दीन’ लिहिला गेला. चार भाग, प्रत्येकात दहा, अशी एकूण 40 प्रकरणे. पहिला भाग इबादतींचा, दुसरा व्यवहाराच्या रिवाजांचा, तिसरा माणसाचा नाश करणाऱ्या दोषांचा आणि चौथा तारणाऱ्या गुणांचा. तिसऱ्या भागात पाचवे प्रकरण क्रोध, द्वेष आणि मत्सर यांचे आहे. या तिघांना एकत्र बांधण्यात गझालींचे सारे निदान आले.

क्रोध ही अल्लाहनेच माणसात ठेवलेली शक्ती आहे, येथून ते आरंभ करतात. बाहेरून संकट आले तर प्रतिकार करता यावा म्हणून ती दिली आहे. तिचा अभाव हाही दोषच; चिडण्याजोग्या गोष्टीनेही जो चिडत नाही त्याला इमाम शाफई (रह.) यांनी गाढवाची उपमा दिल्याचे ते आवर्जून सांगतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनाही राग येई, पण तो सत्यासाठी येई आणि त्यांना सत्यापासून ढळवत नसे. म्हणून राग उपटून टाकायचा नाही, शिकवायचा आहे. शिकाऱ्याचा कुत्रा जसा इशाऱ्यावर सुटतो आणि इशाऱ्यावर थांबतो, तसा राग अक्कल आणि शरीअत यांच्या हुकुमात असावा. शिकवलेला नसेल तर तो धन्यालाच चावतो.

एका माणसाने प्रेषितांकडे (स.) उपदेश मागितला, तेव्हा क्रोध करू नकोस एवढेच त्याला सांगण्यात आले, त्याने पुनःपुन्हा विचारले तरी उत्तर बदलले नाही. ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. गझालींचा प्रश्न तिच्या पुढचा आहे : हे साधायचे कसे? आणि येथे त्यांनी जो विचार मांडला तो मला त्या प्रकरणाचा गाभा वाटतो. माणूस चिडतो तो त्याला प्रिय असलेल्या गोष्टीवर घाला आला म्हणून. मग प्रिय गोष्टी कोणकोणत्या आहेत ते पाहा. अन्न, वस्त्र, निवारा, शरीराचे आरोग्य या साऱ्यांनाच लागतात. त्यांच्यावर घाला आला तर राग येणारच, तो मर्यादेत ठेवता येतो, नाहीसा करता येत नाही. काही गोष्टी विशिष्ट माणसांना लागतात, जसे कारागिराला त्याची हत्यारे आणि आलिमाला त्याची पुस्तके. (टिपणे गमावलेल्या त्या तरुणाची आठवण येथे होतेच.) परंतु मानमरातब, नावलौकिक, गरजेपलीकडचे धन, सभेत पुढची जागा या गोष्टी कोणालाच लागत नाहीत; केवळ सवयीने त्या प्रिय झालेल्या असतात. आपला बहुतेक राग याच तिसऱ्या खणातून येतो. या गोष्टींवरचे प्रेम उतरले की राग आपोआप उतरतो, कारण त्याला राखायला काही उरतच नाही.

मराठीचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. संस्कृतात ‘राग’ म्हणजे आसक्ती, मनाचे एखाद्या गोष्टीत रंगणे. ‘अनुराग’ या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. मराठीने तोच शब्द संतापासाठी घेतला. आसक्तीपासून संतापापर्यंतचा जो प्रवास आपल्या भाषेत एका शब्दाने केला, तोच तूसच्या या इमामाने पानोपानी उलगडून दाखवला आहे.

दुसरा मुद्दा राग गिळण्याचा. कुरआनने ईशभीरूंचे वर्णन करताना राग गिळणाऱ्यांचा आणि लोकांना क्षमा करणाऱ्यांचा उल्लेख एकापाठोपाठ केला आहे. गझाली या जोडीला महत्त्व देतात. बदला घेण्याची ताकद नाही म्हणून जो राग दाबला, तो जात नाही. आत परततो, साचतो, आणि त्याचा द्वेष होतो. त्या द्वेषाची आठ फळे त्यांनी मोजली आहेत. मत्सरापासून ती सुरू होतात. दुसऱ्याच्या दुःखात आनंद मानणे, अबोला, तुच्छता, निंदा, टवाळी, इजा करणे आणि कोणाचा हक्क रोखून धरणे येथपर्यंत जातात. तेव्हा वरून शांत दिसणारा प्रत्येक माणूस शांत नसतो. भावाभावांत वाटणीवरून वीस वीस वर्षे चाललेला अबोला हा सब्र नव्हे. तो साचलेला राग आहे, आणि ईदच्या दिवशी गळाभेट झाली तरी तो तसाच राहतो.

प्रत्यक्ष राग चढला असता काय करावे, हेही त्यांनी सांगितले आहे. ते हदीसींतूनच घेतलेले असल्याने वाचकांना परिचित आहे. शैतानापासून अल्लाहचा आश्रय मागावा, उभे असल्यास बसावे, बसलेले असल्यास पडावे, थंड पाण्याने वुजू करावा. जमिनीशी जवळीक साधण्यात त्यांना एक खूण दिसते : ज्या मातीपासून आपण घडलो तिची आठवण व्हावी. त्या घटकेला आरशात स्वतःचे तोंड पाहिले तर माणूस लाजेनेच थांबेल, असेही त्यांचे म्हणणे. आणि राग म्हणजे मर्दुमकी, या समजुतीची तर त्यांनी कठोर चिकित्सा केली. निरोग्यापेक्षा आजारी मनुष्य लवकर चिडतो; मग चिडणे ही ताकदीची खूण कशी? ही ओळ वाचताना मला ते नवरे आठवतात, जे रागाच्या भरात तोंडून तलाकचा शब्द काढतात आणि दुसऱ्या दिवशी फजरनंतर मशिदीच्या दाराशी रडत उभे राहतात. कोणी आपल्याला बायकोपुढे नमलेला म्हणू नये, या एका भयापोटी घर मोडलेले असते. क्षमा करायला कोणती गोष्ट आडवी येते ते शोधून काढ, असे गझाली सांगतात; आणि बहुतेक वेळा जे सापडते ते एवढेच असते : लोक काय म्हणतील.

मुनाजऱ्याविषयी त्यांनी ‘इहया’च्या पहिल्याच प्रकरणात लिहिले आहे. सत्य शोधणारा हा हरवलेले जनावर शोधणाऱ्यासारखा असावा. ते आपल्याला सापडले काय किंवा सोबत्याला सापडले काय, आनंद सारखाच. याउलट जिंकण्यासाठी केलेला वाद मत्सर, गर्व, द्वेष, परनिंदा, ढोंग यांची खाण ठरतो. ही यादी कोणा विरोधकाने केलेली नाही. बगदादचा सर्वात मोठा वादपटू स्वतःच्या हातांनी ती लिहीत होता.

आता परीक्षा. एकांतात राग आवरणे अवघड नसते. समोर कोणी नसतेच. हिजरी 499 (इ. स. 1106) मध्ये निजामुलमुल्क यांचे पुत्र फखरुलमुल्क यांच्या आग्रहावरून गझाली नैशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवू लागले. पूर्वी आपण असे ज्ञान शिकवत होतो ज्याने पद मिळते. आता असे शिकवतो ज्याने पद सोडता येते, असे त्यांचे स्वतःचे स्पष्टीकरण आहे. पण नैशापूर जुने होते आणि जुनी उणीदुणी विसरलेले नव्हते. विरोधकांनी तारुण्यातला तो ‘अल्-मनखूल’ बाहेर काढला. इमाम अबू हनीफांचा हा अवमान करतो, अशी तक्रार खुरासानचा अधिपती संजर याच्यापर्यंत गेली, आणि संजर हनफी होता. याच गझालींनी ‘इहया’त इमाम अबू हनीफांची गणना थोर इमामांत करून त्यांच्या इबादतीची आणि विरक्तीची प्रशंसा केलेली होती, ती कोणी दाखवली नाही. आपल्याकडे कोकणात शाफई आणि देशावर हनफी जमाअती शेजारी शेजारी नांदतात, तरी आमीन मोठ्याने म्हणावी की मनात यावरून आवाज चढलेले ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे प्रकरण परके वाटणार नाही.

गझालींना पाचारण झाले. अल्-खलीलच्या वचनाचा हवाला देऊन त्यांनी फारसीत पत्र लिहिले आणि सुटका मागितली. पण शेवटी संजरपुढे जावेच लागले. तेथे जे घडले त्यात मुनाजरा नव्हता. इमाम अबू हनीफांविषयीचा आपला आदर त्यांनी स्पष्ट केला, आणि संधी साधून तूसच्या लोकांवरचा करांचा आणि दुष्काळाचा भार सुलतानापुढे मांडला. स्वतःच्या बचावासाठी बोलावलेला मनुष्य शेजाऱ्यांचे गाऱ्हाणे मांडून आला. विरोधकांची नावे घेऊन त्यांना चीत करणे या माणसाला किती सोपे होते, ते निजामुलमुल्कच्या दरबाराने पाहिलेले होते.

विरोधकांच्या हल्ल्यांनी व्यथित झालेल्या एका मित्रासाठी त्यांनी ‘फैसलुत्तफरिका’ लिहिला. त्याच्या आरंभी ते मित्राचीच समजूत घालतात की मन लहान करू नये. ज्याचा मत्सर होत नाही, ज्याच्यावर कोणी दोष ठेवत नाही, असा माणूस फार मोठा नसावा. मग मूळ विषय : कोणाला काफिर ठरवण्यात घाई करू नये. ज्याच्यावर कुफ्रचे आरोप होत होते त्याने उलट आरोप न करता हा नियम शोधत बसावे, हेच त्या पुस्तकाचे बळ. एका शिष्याला लिहिलेल्या ‘अय्युहल वलद’ या छोट्या पत्रग्रंथात आठ उपदेश आहेत. त्यातला पहिलाच, होता होईल तो कोणाशी वाद घालू नकोस.

फारिसींची उरलेली साक्ष येथे सांगितली पाहिजे. गझाली परतल्यावर ते त्यांना अनेकदा भेटले. पूर्वीचा तिखट, गर्विष्ठ गझाली त्यांना माहीत होता, म्हणून हा नवा नम्रपणा त्यांना पांघरलेला वाटला. हे सोंग असणार अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी कसून पारख केली. शेवटी त्यांनी लिहून ठेवले की आपला अंदाज उलटा होता. हा माणूस एका वेडातून खरोखरच बरा झालेला आहे. विरोध, चुगली, निंदा हे सर्व चालूच होते. गझाली त्याने विचलित होत नसत आणि उत्तर देण्यात वेळही घालवत नसत.

अखेरची वर्षे तूसला गेली. घराशेजारी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह. दिवस कुरआनपठण, शिकवणे आणि सोबत यांत वाटलेला. या वयात त्यांनी बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांचा अभ्यास नव्याने हाती घेतला. आपल्या विद्येत जे अपुरे राहिले होते ते शिकायला इमाम पुन्हा विद्यार्थी झाले. मागे फक्त मुली राहिल्या. कुटुंबाच्या गरजेपुरते होते. त्याहून अधिक देऊ केलेले त्यांनी स्वीकारले नाही.

हिजरी 505 च्या जुमादल आखिरची 14 तारीख, सोमवार, इ. स. 1111 चा डिसेंबर. त्या पहाटेची हकीकत बंधू अहमद यांनी सांगितली आहे. गझालींनी वुजू केला, फजर अदा केली आणि आपले कफन मागितले. ते हाती घेऊन चुंबले, डोळ्यांना लावले आणि मालकाच्या भेटीस आपण राजी असल्याचे सांगितले. मग किब्ल्याकडे पाय पसरून ते पडून राहिले. सूर्य उगवण्यापूर्वीच त्यांचा प्राण गेला होता.